पांढऱ्या रेघेच्या आत दोन पावलं

हार्लन मिल्स गावात वेंडेल प्रुसाकला सगळे ओळखत, पण ओळखत ते गादीवाला म्हणून. हिवाळाभर तो चेट लिंडक्विस्टच्या गाद्यांच्या दुकानात उभा असे आणि गिऱ्हाइकांना बूट काढून आडवं व्हायला सांगे. बाकीचं वर्ष तो त्याच चेटच्या सॉकर क्लबाचा गोलकीपर होता. एखादं गिऱ्हाईक गादीवर पडल्या पडल्या म्हणे, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय बुवा." वेंडेल छाती काढून म्हणे, "गोलमध्ये." गिऱ्हाईक जरा विचार करी आणि म्हणे, "छे छे, चर्चच्या पॅनकेकच्या नाश्त्याला." मग वेंडेल त्याला दुकानातली सगळ्यात महागडी गादी दाखवी.

ओहायोतल्या असल्या गावात सॉकर खेळणं म्हणजे गाढवापुढे गीता वाचण्यातला प्रकार. गावाचा जीव शाळेच्या पोरांच्या फुटबॉलवर. त्या खेळात लंबगोल चेंडू काखोटीला मारून पळायचं असतं; पायाला तो क्वचितच लागतो, म्हणूनच बहुधा त्याला फुटबॉल म्हणतात. शुक्रवारी शाळेची मॅच असली की न्हावीसुद्धा दुकान ओढून घेई. शनिवारी त्याच मैदानावर, आदल्या दिवशीच्या मक्याच्या लाह्या तुडवत, वेंडेलचा क्लब खेळे. बघायला येत ते खेळाडूंच्या बायका, सासवा आणि ज्यांना दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं असे लोक.

चौतिशीपर्यंत वेंडेलने बरीच गावं पालथी घातली होती. कॅन्सासमधल्या क्लबाचा मालक संघाची बस घेऊन परागंदा झाला. फ्लोरिडातल्या क्लबाचं मैदान एका गाड्या विकणाऱ्याने घेतलं, आणि वेंडेलच्या गोलच्या जागी आता पिकअप उभे असतात. अलाबामात बेसबॉलच्या मैदानावर खेळावं लागे. तिथे गोलसमोरच मातीचा उंचवटा होता, आणि चेंडू त्यावर आपटला की कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. जिथे म्हणून वेंडेल गेला तो क्लब दोन-तीन वर्षांत बुडाला. हा त्याचा पायगुण असं काही लोक म्हणत. वेंडेल म्हणे, क्लबच भिकार होते. दोघांचंही खरं असावं.

शेवटी तो हार्लन मिल्सला आला आणि सात वर्षं टिकला, कारण चेटच्या गाद्या खपत होत्या. चेटला सॉकरमधलं काडीचं कळत नसे. गोलला तो पॉइंट म्हणे. क्लबाचं नाव त्याने तीनदा बदललं होतं, आणि सगळ्यांच्या जर्सीवर पोटावर एक भलीमोठी उशी छापली होती. परगावचे लोक ती बघून अंगाईगीत म्हणत. जिंकून वरच्या लीगमध्ये जावं म्हटलं तर तीही सोय नाही. तिथे वर जातात ते पैसे भरून, सामने जिंकून नव्हे. म्हणजे क्लब जिंकला तरी तिथेच आणि हरला तरी तिथेच.

वेंडेलला या सगळ्यांचा तिटकारा होता. चेटचा होता, गावाचा होता, आपल्याच बचावपटूंचा होता. ते चेंडू अंगावर आला की तोंड फिरवत. "लग्नात वऱ्हाडी उभे असतात तसे उभे असतात," असं तो बायकोला सांगे. बायको मार्लीस एका दंतवैद्याकडे लोकांचे दात साफ करायची. ती म्हणे, "आणि तू कोण त्या लग्नातला? नवरदेव?"

पण सगळ्यात जास्त तुच्छता त्याने राखून ठेवली होती ती पाहुण्या गोलकीपरांसाठी. त्याला कारण होतं त्या मैदानाच्या रेघा.

मैदान प्लॅस्टिकच्या गवताचं आणि मालकी शाळेची. शाळेच्या फुटबॉलच्या रेघा पांढऱ्याशुभ्र, हातभर जाड, दर पाच यार्डांवर एक. सॉकरच्या रेघा शाळेने मेहेरबानी म्हणून आखू दिलेल्या, बारीक आणि पिवळ्या; उन्हापावसाने त्या इतक्या विटल्या होत्या की वाकून शोधाव्या लागत. गोलकीपरने चेंडू हातात घ्यायचा तो पेनल्टी बॉक्सच्या आतच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बॉक्स संपतो कुठे? खरी पिवळी रेघ दिसेना, आणि तिच्यापुढे दोन पावलांवर शाळेची जाडजूड पांढरी रेघ, जणू तीच बॉक्सची. पाहुणा कीपर चेंडूमागे धावत येई, पांढऱ्या रेघेच्या आत आहोत असं समजून बिनधास्त दोन्ही हातांनी चेंडू उचली, आणि रेफ्री शिट्टी फुंके. कार्ड, फ्री किक, वर हसं.

गावाला सॉकर कळत नव्हतं, पण हा तमाशा कळत होता. गोलमागच्या पहिल्या बाकावर ओपलबाई बसत. सत्तरी उलटलेली बाई, गुडघ्यावर घोंगडी, हातात कॉफीचा थर्मास. पाहुणा कीपर पांढऱ्या रेघेकडे धावू लागला की त्या आधी ओरडत, "उचल! उचल रे बाळा, तुझाच आहे!" मग सगळे बाक ओरडत, "उचल! उचल!" आणि बिचारा उचली. वेंडेल पलीकडच्या गोलमधून टाळ्या पिटी. "डोळे आहेत की बटणं?" असं तो भर मैदानात ओरडून विचारी. त्याचं स्वतःचं गणित पक्कं होतं. विटकी पिवळी रेघ त्याने शोधणं केव्हाच सोडलं होतं. पांढरी रेघ खोटी. तिच्या आत दोन पावलं, तिथे बॉक्स संपला. त्यापुढे हात लावायचा नाही, पायाने मारायचा. सात वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

त्या वसंतात देशभरच्या क्लबांच्या कपस्पर्धेत चिठ्ठ्या पडल्या आणि हार्लन मिल्सच्या वाट्याला थेट पहिल्या डिव्हिजनचा संघ आला. सामना बुधवारी संध्याकाळी, हार्लन मिल्समध्ये, टीव्हीवर. त्याच आठवड्यात वेंडेलला लायल गार्सनचा फोन आला. लायल कॉलेजात त्याच्याबरोबर होता, वेंडेलचा राखीव कीपर. आता तो त्या मोठ्या संघात गोलकीपरांचा कोच होता.

"वेंडेल, ऐक. आमचा तिसरा कीपर क्लब सोडून गेला," लायल म्हणाला. "साहेबांना, म्हणजे आमच्या मुख्य कोचना, वयाने मोठा, शांत डोक्याचा माणूस पाहिजे. खेळायला नाही, बाकावर. मी तुझं नाव टाकलंय."

"बाकावर?"

"पहिल्या डिव्हिजनच्या बाकावर, गड्या. बुधवारी साहेब तुलाच बघणार आहेत. चमत्कार नको दाखवूस. फक्त वेड्यासारखं काही करू नकोस, की झालंच म्हणून समज."

बाकावर बसणाऱ्यांना वेंडेल आयुष्यभर हसत आला होता. पार्श्वभाग गरम करायचा पगार घेतात, म्हणे. आणि आता त्याच बाकासाठी तो इतका आसुसला की त्याला जेवण जाईना. खऱ्या गवतावर, खऱ्या संघाच्या बाकावर, एक वर्ष का होईना. नाहीतर चेटने सांगूनच ठेवलं होतं की पुढल्या वर्षापासून तरुण कीपर घेतो, तू पूर्णवेळ दुकान बघ. वेंडेलला आता एक तर तो बाक होता, नाहीतर गादी.

सामन्याच्या दोन दिवस आधी चेटने त्याला मैदानावर बोलावलं. टीव्हीवाल्यांनी म्हणे सांगितलं होतं की इतक्या रेघांनी पडदा चाळणीसारखा दिसतो. चेटने शाळेला पटवून फुटबॉलच्या सगळ्या रेघा धुऊन काढल्या होत्या, आणि सॉकरच्या पिवळ्या रेघांवर नवा पांढरा रंग मारून घेतला होता. हिरव्यागार मैदानावर एकच बॉक्स, स्वच्छ पांढरा.

"कसं दिसतंय?" चेटने विचारलं. "टीव्हीवर अगदी इंग्लंड वाटेल बघ."

"इंग्लंडात गोलकीपरच्या पोटावर उशी नसते, चेट."

"अरे, त्या उशीच्या जिवावरच हा रंग आलाय! बरं, उद्या संध्याकाळी दिवे लावून देतो. सगळे जरा पाय फिरवून घ्या. नव्या रेघा आहेत."

"पोरांना बोलवा. माझं काय काम? सात वर्षं लोळतोय मी इथे. डोळे बांधून उभा केलात तरी बॉक्स कुठे संपतो ते सांगेन."

चेट म्हणाला, "तेही खरंच," आणि रंगवाल्याला पुढच्या कोपऱ्यात आणखी एक उशी काढता येईल का ते विचारायला गेला.

घरी मार्लीसने मात्र पिच्छा सोडला नाही. "अर्धा तास जाऊन ये ना. तुझं काय झिजतंय?"

"तू मला रेघ शिकवणार?"

"मी कोण बापडी शिकवणार? पण माझ्या खुर्चीत येऊन तोंड उघडतात ना, त्यातले निम्मे असंच म्हणतात. चाळीस वर्षं दात घासतोय, आम्हाला काय सांगता? आणि मग बघावं तर आत सगळी कीड."

"मार्लीस, ती लोकं वेगळी."

"हो ना. त्यांना निदान दुखतं तरी," ती म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे मक्याची उसळ सरकवली. तो गेला नाही. सराव करायला जायचं म्हणजे आपल्याला त्याची गरज आहे असं कबूल करणं, आणि ते त्याला मरणप्राय वाटे.

बुधवारी गाव लोटलं. ज्यांनी जन्मात सॉकर पाहिलं नव्हतं ते टीव्हीवर दिसावं म्हणून टोप्या घालून आले. न्हाव्याने दुकान बंद केलं. ओपलबाई नव्या घोंगडीसकट जागेवर होत्या. पाहुण्यांच्या बाकाशी लायल उभा होता आणि त्याच्या शेजारी हाताची घडी घालून त्यांचे साहेब, ओठ मिटलेले.

आणि वेंडेल खेळला. हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, तो आयुष्यात कधी खेळला नाही असा खेळला. पहिल्याच हल्ल्यात त्याने डाव्या खांबाशी झेप घेऊन चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. मग एक डोक्याने मारलेला, रेषेवरून. मग एकटाच समोर आलेला त्यांचा फॉरवर्ड, त्याच्या पायातून चेंडू ओढून घेतला. बचावातले वऱ्हाडी नेहमीसारखेच उभे होते, पण ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मध्यंतराला शून्य-शून्य. लायलने लांबूनच अंगठा वर केला. साहेबांनी घडी सोडून कानात काहीतरी विचारलं, आणि लायलने मान डोलावली. वेंडेलला ते दिसलं.

"बाळा, आज तुला झालंय तरी काय?" दुसऱ्या अर्ध्यात तो ओपलबाईंच्या बाजूला आला तेव्हा त्या ओरडल्या. "खऱ्यासारखा खेळतोयस!"

"तुम्ही कॉफी प्या, ओपलबाई!" तो ओरडला, आणि बाक हसले. तो सुखात होता. सात वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणाचाच राग येत नव्हता.

सामना संपत आला. अजूनही शून्य-शून्यच. पाहुण्यांचे खेळाडू एकमेकांवर ओरडू लागले होते. तेवढ्यात त्यांच्यापैकी एकाने मधूनच एक लांब चेंडू भिरकावला, कोणाच्याच नावाचा नसलेला. तो वेंडेलच्या बचावाच्या डोक्यावरून गेला, एकदा आपटला आणि सुस्त होत बॉक्समध्ये शिरला. त्यांचा फॉरवर्ड त्याच्यामागे जीव खाऊन धावत होता, पण तो बराच मागे होता. वेंडेल गोल सोडून पुढे धावला. चेंडू त्याचाच होता. वाकायचं, दोन्ही हातांत घ्यायचा, पोटाच्या उशीशी धरायचा, झालं.

चेंडू पांढऱ्या रेघेच्या अलीकडे एका पावलावर येऊन थांबू लागला. चांगला आत, बॉक्समध्ये.

वेंडेलने पांढरी रेघ पाहिली. त्याच्या डोक्याला ठाऊक होतं की ही रेघ आता खरी आहे. परवा चेटने दाखवली, मध्यंतरानंतर तो स्वतः तिच्यावरून चालत गेला होता. पण हात डोक्याला विचारत नाहीत. सात वर्षं त्या हातांना एकच गोष्ट पढवलेली होती, की पांढऱ्याच्या आत दोन पावलं, त्यापुढे हात नाही. त्याने पसरलेले हात आखडले.

"उचल!" मागून ओपलबाईंचा आवाज आला. "उचल रे बाळा, तुझाच आहे!" आणि सगळे बाक ओरडू लागले, "उचल! उचल!"

सात वर्षांत ती आरोळी त्याने पाहुण्या कीपरांसाठी ऐकली होती, त्यांना फसवण्यासाठी. ती कानावर पडताच त्याचे हात पाठीमागे गेले. ते त्याने चक्क पाठीमागे नेले, मैदानावरच्या आणि टीव्हीवरच्या सगळ्या लोकांनी पाहिलं. आणि धावता धावता, अवघडल्या पायाने, त्याने चेंडूला लाथ मारली. चेंडू बुटाच्या कडेला लागला आणि समोरून येणाऱ्या फॉरवर्डच्या नडगीवर आपटून रिकाम्या गोलकडे निघाला. तो जाळ्यात जाईपर्यंत सगळ्यांना त्याच्याकडे बघायला भरपूर वेळ मिळाला.

नव्याने आलेल्या लोकांना कळेना की कीपरने चेंडू हातात का नाही घेतला, आणि जुन्यांनाही कळेना. चेट शेजाऱ्याला विचारत होता, "हा पॉइंट धरतात का?" वेंडेल गुडघ्यावर बसून पांढऱ्या रेघेकडे बघत राहिला. त्याचं त्याला कळलं होतं. नाचता येईना तर लोक अंगण वाकडं म्हणतात. याने जन्मभर वाकड्याच अंगणात नाच शिकून घेतला होता, आणि आज कोणीतरी अंगण सरळ करून दिलं होतं.

सामना एक-शून्य संपला. लायल हात पुढे करून आला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"बाकी सगळं झकास होतं, वेंडेल. खरंच. पण तो एक... हात का नाही लावलास?"

वेंडेलने तोंड उघडलं. पांढरी रेघ खोटी असते, पिवळी खरी असते, दोन पावलं आत, असं काहीतरी त्याला सांगायचं होतं. पण ते ऐकायला किती वेडगळ वाटेल ते त्याला सांगण्याआधीच ऐकू आलं.

"सवय," तो म्हणाला.

"अरे, आमच्याकडे रेघ एकच असते," लायल हळूच म्हणाला, आणि साहेब बसमध्ये बसलेत म्हणून गेला. बाकाचा विषय त्याने काढला नाही. पुढेही काढला नाही.

गोलमागे ओपलबाई घोंगडीची घडी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "वेंडेल, या खेपेला मी खरंच सांगत होते रे."

"माहीत आहे, ओपलबाई."

"मग?"

वेंडेलने त्यांचा थर्मास उचलून त्यांच्या हातात दिला. घरी मार्लीसने "मी म्हटलं होतं" असं काही म्हटलं नाही. ती त्याच्या शेजारी पलंगावर बसली आणि त्याचे हातमोजे तिने एकेक बोट करून काढले. तो रडला तेव्हा तिने दिवा मालवला नाही, आणि दुसरीकडे पाहिलंही नाही.

शनिवारपर्यंत शाळेने आपल्या रेघा परत मारून घेतल्या होत्या, आधीपेक्षा जाड. पिवळी रेघ पुन्हा शोधून सापडेना. गाव बुधवारचा सामना केव्हाच विसरलं होतं. टोपीवाले परत घरी, लाह्या परत पायाखाली. इंडियानातला एक क्लब आला होता, त्यांचा गोलकीपर नवा, बावीस-तेवीसचा, उंचापुरा, हात मोठे. पहिल्याच अर्ध्यात चेंडू पांढऱ्या रेघेकडे गेला आणि तो धावला.

"उचल! उचल रे बाळा!" ओपलबाईंनी सुरुवात केली, आणि बाकांनी उचलून धरलं. त्याने उचलला. शिट्टी, कार्ड, हशा. वेंडेलने टाळी पिटली नाही. लोकांनी त्याच्याकडे बघितलं, तो टाळी पिटेल म्हणून थांबले, आणि मग आपणच पिटली.

मध्यंतराला बाजू बदलताना ते दोघं मधल्या रेघेवर भेटले. त्या तरुणाचे कान लाल झाले होते.

"काय हो," त्याने विचारलं, "तुम्ही खेळता तरी कसं इथे?"

"सवय होते."

"मग बरंय," तो हसला आणि निघाला.

वेंडेलने त्याची बाही धरली. असं कोणाला धरायची त्याची रीत नव्हती, आणि तो तरुण दचकलाच.

"बरं नाहीये," वेंडेल म्हणाला. "सवय होते, म्हणून तर सांगतोय. व्हायच्या आत निघून जा."